ताईंचं राखीचं पाकीट

मी नववीत होते तेव्हा आमच्या वाड्यातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या भावाला खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झाली. महिन्याभरात ताईंकडे ब्लाऊज टाकणाऱ्या बायका यायच्या बंद झाल्या. श्रावणात त्यांनी मला एक पाकीट पोस्टात टाकायला दिलं, पत्त्याची बाजू खाली धरून. पत्ता तुरुंगाचा होता, आत राखी. घरी कळलं तेव्हा आई म्हणाली, "हिला जनाची नाही, मनाची तरी?" मी गप्प बसले.

ते पाकीट आठवलं डेव्हिड काझिन्स्कीबद्दल वाचताना. अमेरिकेत १९७८ ते १९९५ या काळात १६ बॉम्ब पाठवून किंवा ठेवून तिघांचा जीव घेणारा, २३ जणांना जखमी करणारा टेड काझिन्स्की हा त्याचा थोरला भाऊ. १९९५च्या सप्टेंबरात 'वॉशिंग्टन पोस्ट'ने तोवर कोण ते न कळलेल्या त्या बॉम्बवाल्याचं ३५ हजार शब्दांचं निवेदन छापलं. टेडवर संशय आधीच आला होता तो डेव्हिडच्या बायकोला, लिंडाला. डेव्हिडला काही ते पटेना. मग निवेदन वाचता वाचता 'कूल-हेडेड लॉजिशियन्स', म्हणजे थंड डोक्याचे तर्कशास्त्री, हे दोन शब्द समोर आले. असंच टेड लिहायचा.

त्या माणसाचं काय झालं असेल? गप्प बसावं तर उद्या आणखी कुणी मरेल. सांगावं तर सख्ख्या भावाला आपल्याच हाताने फाशीच्या दारात नेऊन उभं करायचं. त्याने सांगितलं. ३ एप्रिल १९९६ला माँटानातल्या लाकडी खोपटातून टेडला पकडलं. सरकारी वकिलांनी मृत्युदंड मागितला, तेव्हा हाच डेव्हिड भावाचा जीव वाचवायला धडपडला. १९९८मध्ये टेडने गुन्हा कबूल केला, त्याला जन्मठेप झाली. बॉम्बवाल्याची माहिती दिल्याबद्दल बक्षिसाचे दहा लाख डॉलर मिळाले, त्यातले कर आणि वकिलांचा खर्च वजा जाता उरलेले पैसे डेव्हिडने बळींच्या कुटुंबांसाठी दिले. भावाला मात्र तो पत्रं लिहीतच राहिला. टेडने कधी उत्तर दिलं नाही. जून २०२३मध्ये तो कैदेतच गेला.

ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांनी गुन्हेगाराच्या भावंडाचं तोंडही पाहू नये, हे मी समजू शकते. तो त्यांचा हक्क आहे. पण आपण बाकीचे? आपण कोणत्या अधिकाराने सांगतो, की आधी भावाशी नातं तोड, मग तुला माणसांत घेऊ? डेव्हिडने भावाला पकडूनही दिलं आणि भाऊ म्हणून सोडलंही नाही. मला यात कुठेही दुटप्पीपणा दिसत नाही. गुन्हा टेडचा होता. लहानपणी ज्याच्या मागे मागे फिरलो, तो थोरला भाऊ डेव्हिडचा होता. शिक्षा गुन्ह्याला होते, आठवणी कशा जप्त करणार?

आणि तो नेहमीचा प्रश्न, "घरातल्यांना काहीच कसं माहीत नव्हतं?" ताईंना हे किती जणांनी विचारलं असेल! त्यांचा भाऊ कसा आहे, हे मात्र वाड्यात कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही. मीही नाही विचारलं.

गेल्या महिन्यात ताई बसस्टँडवर भेटल्या. भाऊ शिक्षा भोगून परत आलाय. मी विचारलं, "आता तब्येत कशी आहे त्यांची?" त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग बस येईपर्यंत त्याच्या गुडघेदुखीबद्दल सांगत होत्या.