किल्ल्याची सावली आणि माझी वेल

आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, उत्तरेच्या अंगाला. सांगताना छाती फुगते. पण थंडीत सूर्य दक्षिणेकडे सरकला की किल्ला आडवा येतो. गावभर फिरून शिळं झालेलं ऊन मग आमच्याकडे येतं, तेही शेजारच्या आंब्यात अडकतं.

या अंगणासाठी बायकोच्या अटी अशा: वेल बारमाही हिरवी पाहिजे, फुलं पाहिजेत, वास पाहिजे, कचरा नको. एवढ्या अटींवर आमच्या आत्याचं लग्न राहिलं होतं.

औरंगजेबाने डिसेंबर 1699 मध्ये या किल्ल्याला वेढा घातला आणि एप्रिल 1700 मध्ये तो घेतला. मी त्याच्याच सावलीत सहा वर्षं वेढा देऊन बसलोय.

आधी मधुमालती लावली. तिने दोन महिने आमच्या भिंतीचा अंदाज घेतला आणि उन्हाच्या वासावर थेट शेजारच्या काकूंची गच्ची गाठली. फुलं आधी पांढरी, मग गुलाबी, मग लाल होतात म्हणे. आमच्या वाट्याला बुंधा आणि मुंगळे.

मग नर्सरीवाला म्हणाला, "होयाची वेल न्या साहेब. कडक ऊन नकोच तिला." आणली. जाड, चकचकीत पानं, जणू रोज कुणी तेल चोळतंय. तीन वर्षं नुसती पानंच! मी मायेने दरवर्षी मोठी कुंडी दिली. नंतर कळलं, हिला मुळं आवळलेलीच बरी वाटतात. ऐसपैस जागा दिली की फुलायचं विसरते. (आमचा थोरला असाच आहे.)

चौथ्या वर्षी कुंडीला हात लावला नाही, आणि एक झुपका आला. मेणाच्या इवल्या चांदण्या, प्रत्येकीच्या पोटात आणखी एक चांदणी. रात्री असा वास सुटला की बायको टीव्ही बंद करून बाहेर आली. लग्नानंतर प्रथमच.

फुलं गळाली, बोटभर बोडका देठ उरला. वाईट दिसत होता. मी कात्रीने नीट कापला आणि कौतुकाच्या आशेने नर्सरीत जाऊन सांगितलं.

"देठ कापला? आवो साहेब, त्याच देठावर परत फुलं येत्यात!"

कात्री आता कपाटात, दागिन्यांशेजारी. चावी बायकोकडे.

काल काकू देवाला वाटीभर फुलं देऊन गेल्या. मधुमालतीची. म्हणाल्या, "घ्या हो. वेलीला हातगुण लागतो."