दार घेऊन दारोदार

कपाटाचे सागवानी दार बिजागऱ्यांसकट काढून, ते मांडीवर आडवे धरून मागे बसलेल्या पत्नीसह मी गेल्या शनिवारी स्कूटरवरून माधवनगर रस्त्यावरच्या तिसऱ्या टाइल्सच्या दुकानात पोहोचलो, तेव्हा तिथल्या तरुणाने पहिला प्रश्न विचारला, "काका, दार विकायचं आहे का?" ४७ व्या वर्षी 'काका' ऐकण्याची माझी तयारी झाली होती, भंगारवाला समजले जाण्याची नव्हती.

ओट्यामागच्या भिंतीची टाइल या दाराशी जुळावी, एवढेच आमचे मागणे होते. तरुणाने आयव्हरी, बिस्किट, हनी आणि कॅपुचिनो अशी हॉटेलच्या मेनूकार्डासारखी नावे घेत नमुने मांडले. घरी पिवळ्या दिव्याखाली तांबूस दिसणारे आमचे दार तिथल्या पांढऱ्याफेक प्रकाशात मात्र कावीळ झाल्यासारखे दिसू लागले, म्हणून मी ते उन्हात नेले. आणि तिथेच नळ घ्यायला आलेले एक हळदीचे आडते आमच्या संसारात शिरले.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन जणू स्वतःच्या अंगठ्यालाच मिळाले आहे अशा थाटात, त्यांनी पिवळ्या पडलेल्या नखाचा तो अंगठा जिभेला लावून दारावर घासला, वास घेतला आणि निकाल दिला, "वहिनी, माल चांगला हाय, पण अजून पिकला न्हाई. नवं सागवान उजेडानं काळवंडतं. आज कुठल्या रंगाला जुळवताय?"

हे खरे होते, हाच त्यातला सर्वांत संतापजनक भाग होता. मी आयव्हरी पुढे केली. "राजापुरी हळदीचं कांड मोडून बघायचं असतंय, पावणं, वरचा रंग बघून फसतात," असे म्हणून त्यांनी तरुणाला टाइल फोडायला सांगितली. तो घाबरून कोपऱ्यातला एक तुटका तुकडा घेऊन आला. "बघा! वर बिस्किट, आत वीट!" गृहस्थ विजयाने म्हणाले. "आन् सांधं पांढरं भरू नका. फोडणीची हळद आधी तिथंच धरती."

१९ वर्षांच्या संसारात माझे एकही मत इतक्या चटकन न पटलेल्या पत्नीने तिथल्या तिथे हनी टाइल आणि तपकिरी सांधे मुक्रर केले. गृहस्थ नळ न घेताच निघून गेले.

सहा पेट्या घरी आल्या. त्यांतल्या एकीवरचा शेड नंबर वेगळा निघाला, आणि तेही तिच्यातल्या टाइल्स भिंतीवर लावून पाहिल्यावर कळले. भट्टीगणिक रंगात थोडा फरक पडतो, हे मला समजते. परंतु पैसे मोजताना नोटेवरचा धागा उजेडात धरून पाहणाऱ्या दुकानदाराला पेटीवरचा ठसठशीत आकडा दिसू नये, आणि वर "उघडलेली पेटी परत घेत नाही, बिलामागं छापलंय," असे ऐकवावे, हे मला अजूनही समजलेले नाही. बिलामागचा तो मजकूर वाचायला मला पत्नीचा चष्मा लावावा लागला.

"कोपऱ्यात लावतो की ती पेटी, पुढं मिक्सर आन् पिठाचं डबं ठेवा," गवंड्याने तोडगा काढला. तेव्हापासून मिक्सर त्या कोपऱ्यातून हलवण्यास आम्हाला सक्त मनाई आहे. प्लगची जागा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला आहे.