अठ्ठ्याहत्तर पॉइंट चार

डॉक्टर म्हणाले, "वजनावर लक्ष ठेवा." मी ते शब्दशः घेतलं. लक्ष ठेवायचं तर समोर आकडा हवा, म्हणून डिजिटल काटा मागवला. काचेचा, चपटा, पाय ठेवला की निळा उजेड. बायको म्हणाली, "त्यापेक्षा चालायचे बूट घेतले असतेत तर?" बुटांवर आकडे उमटत नाहीत, हे तिला कोण समजावणार.

पहिल्या सकाळी ७८.४ आले. उतरलो, पुन्हा चढलो. ७८.४. चष्मा काढून ७८.४, श्वास रोखून ७८.४, गॅलरीकडे पाठ करून ७८.४. मी भारावलो. आमच्या घरात तीन घड्याळं तीन वेळा दाखवतात आणि "जेवायला काय आहे?" या प्रश्नाला दर पाच मिनिटांनी वेगळं उत्तर मिळतं. अशा घरात पाचदा विचारलं तरी तेच सांगणारं कुणीतरी आलं होतं.

तीन महिन्यांनी दवाखान्यात गेलो. तिथला काटा दांडीवर वजन सरकवायचा, रंग उडालेला. कंपाउंडरकाकांनी बोटाने वजन पुढे ढकललं, मागे घेतलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "साडेएक्क्याऐंशी. थोडं वरच."

"काका, घरी अठ्ठ्याहत्तर पॉइंट चार येतं."

"कधी?"

"रोज. पाच-पाच वेळा."

"मग औषधही घरीच घ्या," म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मला राग आला तो 'थोडं वरच' याचा. जो माणूस दशांश चिन्हसुद्धा देऊ शकत नाही, त्याने माझ्या पॉइंट चारला खोटं ठरवावं?

रिक्षात बसल्यावर अकरावीचे फिजिक्सचे सर आठवले. प्रॅक्टिकलला आम्ही सहा जणांनी स्क्रू गेजने तारेची जाडी मोजली होती. सहाही उत्तरं तिसऱ्या दशांशापर्यंत सारखी. सरांनी सहाही जणांना शून्य दिलं. पाच जणांनी एकाचं उतरवलं होतं, आणि त्या एकाने शून्यत्रुटी वजा केली नव्हती. जबडे पूर्ण मिटल्यावरही त्या गेजचा आकडा शून्यावर येत नसे. सर म्हणाले, "गाढवांनो, पुन्हा पुन्हा तेच येणं म्हणजे प्रिसिजन. खऱ्याच्या जवळ येणं म्हणजे अॅक्युरसी. तुमच्याकडे पहिलं आहे, तेही चोरीचं." तेव्हा आम्ही हसलो होतो. रिक्षात हसू येईना.

घरी आल्या आल्या काट्यावर चढलो. ७८.४. उतरलो, अर्ध्या लिटरची पाण्याची भरलेली बाटली हातात घेऊन चढलो. ७८.४! बाटली अर्धा किलोची, आणि काट्याला पत्ताच नाही. पुतण्याने मोबाइलवर शोधून सांगितलं, "काका, काही काट्यांमध्ये मेमरी असते. नवं वजन आधीच्या जवळपास असलं, की ते मागचाच आकडा पुन्हा दाखवतात. गिऱ्हाइकाला वाटतं, काय पक्का काटा आहे!" म्हणजे तीन महिने मी ज्याला एकवचनी समजत होतो, तो पट्ठ्या मागची वही बघून उतरवत होता. आमच्या बॅचचाच निघाला.

मेमरी मोडायला मध्ये काहीतरी वेगळं ठेवायचं, असं पुतण्या म्हणाला. मी तांदळाची दहा किलोची, न फोडलेली पिशवी आणली. काट्याने दाखवलं ९.६. आईने सोफ्यावरून विचारलं, "तांदूळ कमी दिलेत का रे?" क्षणभर मलाही तसंच वाटावंसं वाटलं. पण शंभराला चार कमी हा हिशेब ७८.४ ला लावला, तर उत्तर जवळजवळ ८१.७ येत होतं. काकांचं 'थोडं वरच' असं दोन रुपयांच्या कॅल्क्युलेटरवर सिद्ध झालं.

तरी मी सहजासहजी हरणारा नव्हे. पिशवी खरी कशावरून? दुकानदाराच्या काट्यावरून. तो कशावरून? दर ठरावीक काळाने वैधमापनवाले येऊन पडताळणी करून शिक्का मारतात. त्यांची वजनं कशावरून? त्याहून चांगल्या वजनांवरून. असं चढत चढत मी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत पोहोचलो. तिथे प्लॅटिनम-इरिडियमचा, ५७ क्रमांकाचा, भारताचा किलो आहे. त्याचा थोरला पॅरिसजवळ सेव्ह्र या गावी काचेच्या हंड्यांखाली. १८८९ पासून जगाचा किलो म्हणजे तो. पुढे शंभर वर्षांनी त्याची आणि त्याच्या भावंडांची वजनं ताडून पाहिली, तर पन्नासेक मायक्रोग्रॅमचा फरक निघाला. आता तो हलका झाला की बाकीचे जड झाले? पण व्याख्याच अशी होती की तो सांगेल तो किलो. म्हणजे तो चुकणं शक्यच नाही. चुकलं तर जग! काय सोय होती महाराजा. ही सवलत मला आयुष्यात एकदा मिळाली असती, तर मी आज सडपातळ असतो. शेवटी २० मे २०१९ पासून त्यालाही निवृत्त केलं आणि किलो प्लँकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर, बांधला. थोडक्यात, पळवाट बंद.

मोठ्यांचंही असं होतं, एवढाच दिलासा. हबल दुर्बीण १९९० साली आकाशात गेली. तिचा २.४ मीटरचा आरसा इतका सफाईने घासलेला, की त्या कामाला तोड नव्हती. फक्त आकार चुकीचा होता. कडेला साधारण दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे दोन हजारांश, जास्त सपाट. ज्या उपकरणाने आरसा तपासायचा, त्यातलंच एक भिंग १.३ मिलिमीटरने जागा चुकून बसलं होतं. त्या चुकीच्या उपकरणाला प्रमाण मानून आरसा अतिशय इमानदारीने चुकीचा घासला गेला. यात मला सगळ्यात झोंबली ती पुढची गोष्ट. दुसऱ्या, साध्यासुध्या चाचण्यांनी गडबड दाखवली होती. पण त्या कमी प्रतीच्या, म्हणून त्यांचं ऐकलं गेलं नाही. १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी वर जाऊन दुर्बिणीला चष्मा लावला, तेव्हा कुठे तिला नीट दिसायला लागलं.

माझ्याही घरात एक साधीसुधी चाचणी कपाटाच्या दाराला लटकत होती. कमरेचा पट्टा. दिवाळीत तिसऱ्या भोकावर होता, संक्रांतीला दुसऱ्यावर, आता पहिल्यावर. मी बायकोला सांगत होतो, "चामडं आहे, आटतं." ती "हो का" म्हणायची. एवढं बिनदशांशाचं, बिनमेमरीचं मोजमाप माझ्या पोटाला रोज मिठी मारून सांगत होतं, आणि मी निळ्या उजेडाकडे बघत होतो.

रविवारी रद्दीवाला आला. त्याचा आकडा लावून लटकवायचा काटा, आणि त्यावरून बायकोचं त्याच्याशी अनेक वर्षांचं वैर. आज ती तयारीत होती. "थांबा, आमच्याकडे डिजिटल आहे," म्हणून तिने माझा काटा बाहेर आणला. मी खुणा केल्या, डोळे मोठे केले, खोकलो. तिने गठ्ठा ठेवला. ११.५. रद्दीवाल्याने आपला आकडा अडकवून गठ्ठा उचलला. साडेअकरा.

इतक्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. बायको प्रसन्न. रद्दीवाल्याने पैसे मोजून दिले, गठ्ठा खांद्यावर घेतला, पण निघेना. काचेवरून एकदा बोट फिरवलं आणि हळूच मला म्हणाला, "साहेब, हा काटा द्यायचाय का?"