विषय : दाढ दुखत असल्याबाबत

पंधरवड्यापूर्वी माझा अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज तांबड्या शाईच्या शेऱ्यांनी भरून माझ्याकडे परत आला, आणि परत करण्यापूर्वी तो वर्गासमोर मोठ्याने वाचला गेला. वर्गात माझ्याखेरीज सगळी मुले नुकती बारावी झालेली आहेत. त्यांतल्या एकाने माझ्या दाढेला मनापासून हसून दाद दिली. रजेचे कारण खरे होते, दाढही खरी होती आणि त्या क्षणी ती ठणकत होती. तरीही ज्या टंकलेखन संस्थेत मी नोकरीला नाही, उलट दरमहा फी भरते, तिथे मला रजा मागावी लागावी, आणि ती धड नामंजूरही न होता 'त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे' असा शेरा तिच्यावर पडावा, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मी तिथे का जाते ते थोडक्यात सांगते. साताऱ्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहिण्यात बरीच वर्षे गेल्यावर आणि खुल्या प्रवर्गाची 38 वर्षांची वयोमर्यादा नजरेच्या टप्प्यात आल्यावर मी लिपिक-टंकलेखक व्हायचे ठरवले. या पदाला नुसती पदवी पुरत नाही. मिनिटाला 30 शब्द मराठी किंवा 40 शब्द इंग्रजी टंकलेखनाचे शासनमान्य प्रमाणपत्र लागते, त्याची परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते, एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षाही लागते, आणि 'किंवा' असे छापलेले असले तरी दोन्ही भाषांची प्रमाणपत्रे असलेली बरी, असे ज्याला विचारावे तो सांगतो. आमची संस्था या सगळ्यांवर 'कार्यालयीन कार्यपद्धती' हा विषय मोफत शिकवते. तो मोफत का आहे, हे पहिल्याच तासाला कळते.

मराठी टंकलेखन आम्ही रेमिंग्टन कळफलकावर शिकतो. त्यात 'किती' लिहायचे असेल तर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि 'क' नंतर, म्हणजे जे मूल अजून जन्मालाच आले नाही त्याला आधी टोपडे घालायचे. ही टाइपरायटरची सोय होती आणि ती संगणकावर जशीच्या तशी उतरली. टाइपरायटर स्वतः मात्र गेला. गोदरेजने 1955 साली पहिला भारतीय टाइपरायटर काढला, त्याच जातीचे एक धूड आमच्या वर्गाच्या कोपऱ्यात प्लास्टिकखाली झाकलेले असते आणि त्याच्यावर मनी प्लांटची बाटली ठेवलेली असते. परीक्षा संगणकावर, काम संगणकावर, पण वेलांटी मात्र आधीच. यात कोणाला काही चमत्कारिक वाटत नाही, आणि असे काही न वाटणे हाच या शिक्षणाचा मोठा भाग आहे, हे हळूहळू माझ्या लक्षात येत आहे.

तर कार्यपद्धती शिकवतात ते भाऊसाहेब. ते संस्थाचालक मॅडमचे सासरे. एका महसुली कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण निवृत्तीची बाब त्यांच्यापर्यंत अधिकृतरीत्या पोहोचलेली दिसत नाही. राज्य सरकारने फेब्रुवारी 2020 च्या अखेरीस पाच दिवसांचा आठवडा सुरू केला आणि कचेरीची वेळ सकाळी पावणेदहाची केली, तेव्हा भाऊसाहेब आधीच पेन्शनीत होते. तरीही ते बरोबर पावणेदहाला खिडकीजवळच्या टेबलाशी येऊन बसतात आणि शनिवारी येत नाहीत. टेबलावर आवक नोंदवही, जावक नोंदवही आणि तांबड्या कापडात बांधलेले सहा गठ्ठे असतात. चालू प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद, अशी ही महसूल खात्याची सहा गठ्ठ्यांची पद्धत आहे. ती चांगली आहे, हे मला चडफडत का होईना मान्य करावे लागते, कारण दुकानातली माझी बिले अशी लावलेली असती तर मार्चअखेर मला एवढा ताप झाला नसता.

पण भाऊसाहेबांच्या गठ्ठ्यांत शासनाचा एकही कागद नाही. विजेच्या बिलाला आवक क्रमांक पडतो. चहावाल्याच्या चिठ्ठीवर 'अदा करण्यास हरकत नसावी' असा शेरा येतो आणि चहावाला तो घेऊन आतल्या खोलीत मॅडमकडे जातो. जुन्या कागदांचे वर्गीकरण तर नियमाला धरून आहे : 'ड' वर्ग एका वर्षाने नष्ट, 'क-1' पाच वर्षे, 'क' दहा, 'ब' तीस आणि 'अ' कायम. त्यानुसार दुधाचा हिशेब 'ड' मध्ये जातो, नातेवाइकांच्या लग्नपत्रिका 'क-1' मध्ये (पाच वर्षांत काय ते कळतेच, असे त्यांचे म्हणणे), आणि सख्ख्या भावाशी गावाकडच्या सामाईक भिंतीवरून झालेला पत्रव्यवहार 'अ' वर्गात कायम जतन करण्यात आलेला आहे.

त्या दिवशी मॅडम बँकेत गेल्या होत्या. मी वहीचे पान फाडून त्यावर लिहिले, "मॅडम, दाढ फार दुखते आहे, बाराला दंतवैद्यांची वेळ मिळाली आहे, म्हणून आज लवकर जाते," आणि ते त्यांच्या टेबलावर ठेवायला निघाले. वाटेत भाऊसाहेबांनी हात पुढे केला.

"हे काय आहे?"

"अर्ज आहे, भाऊसाहेब."

"हा निरोप आहे. अर्जाला विषय असतो."

"विषय दाढ."

"दाढ हा विषय होत नाही, ताई. दाढ दुखत असल्याबाबत, की दाढदुखीमुळे अर्ध्या दिवसाची रजा मिळण्याबाबत? पहिल्यात तुम्ही नुसते कळवता आहात. ते मी अवलोकन करून नस्तीबद्ध करीन, म्हणजे फायलीला लावीन. दुसऱ्यात मागणी आहे."

गाल धरून मी म्हणाले की मागणी आहे.

"मग संदर्भ लिहा. या दाढेबाबत यापूर्वी काही पत्रव्यवहार?"

"पत्रव्यवहार कसला? काल रात्रीपासून दुखते आहे. घरी सांगितले होते, तेवढेच."

"म्हणजे संदर्भ : तोंडी, दिनांक कालचा." हे ते हसत म्हणाले नाहीत. "वरची की खालची?"

"खालची. डावीकडची."

"तसे अर्जात नमूद नाही. मोघम प्रकरणावर मंजुरी देता येत नाही. उद्या तुम्ही वरची दाखवाल."

याच टप्प्यावर त्यांनी तो कागद वर्गाला वाचून दाखवला, कारण त्यांच्या मते तो चुकीच्या अर्जाचा उत्तम नमुना होता. डावीकडे समास नाही, दिनांक नाही, 'प्रति' नाही, सहीखाली पूर्ण नाव नाही. मुलांनी ते उतरवून घेतले. एकीने तर, अर्जात 'फार दुखते' लिहावे की 'तीव्र वेदना होत आहेत' लिहावे, अशी शंका विचारली आणि तिला सविस्तर उत्तर मिळाले. मी तोपर्यंत उभी होते. माणसाला दुखते आहे हे समोर दिसत असताना त्याचे दुखणे कोणत्या शब्दांत मांडावे यावर शांतपणे चर्चा करता येणे, ही कारकुनीची पात्रता असेल तर त्या मुलीला माझ्याआधी नोकरी लागेल.

मी नव्या कागदावर, समास सोडून, डावी आणि खालची असे नमूद करून, अर्ज लिहिला. मग असे निघाले की माझ्या अनुपस्थितीत माझे काम कोण पाहणार याचा उल्लेख नाही. माझे काम म्हणजे शेवटचा उतारा पुन्हा टंकित करणे एवढेच होते. तरी शेजारच्या संगणकावरच्या, म्हणजे मघाशी हसलेल्याच, मुलाची ना हरकत घ्यावी लागली. त्याने 'हरकत नाही' असे लिहून सही केली. भाऊसाहेबांनी त्याला सहीखाली दिनांक घालायला परत पाठवले. दंतवैद्यांच्या मदतनिसाचा फोन तेव्हा येऊन गेला. पुढच्या रुग्णाला आत घेतले होते.

यानंतर जे झाले ते मी डोळ्यांनी पाहिले नसते तर माझाही विश्वास बसला नसता. भाऊसाहेबांनी अर्जाला आवक क्रमांक दिला, हिरवट कागदावर टिपणी लिहिली आणि सरावासाठी म्हणून ती मलाच टंकित करायला सांगितली. ती अशी : "अर्जदार यांची डावीकडील खालची दाढ दुखत असल्याचे त्यांच्या अर्जावरून दिसून येते. तथापि, अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र जोडलेले नाही. सबब, प्रमाणपत्र प्राप्त झाल्यानंतर रजेबाबत निर्णय घेणे उचित होईल. आदेशार्थ सादर." ही टिपणी घेऊन ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि मॅडमच्या रिकाम्या टेबलावर ती ठेवून बाहेर आले. दोन मिनिटे आपल्या जागेवर बसून त्यांनी वर्तमानपत्र चाळले. मग पुन्हा उठले, आत गेले, मॅडम बाहेर असताना कार्यभार आपल्याकडे असतो असे आम्हाला दारातूनच सांगून मॅडमच्या खुर्चीत बसले, चष्मा लावून ती टिपणी जणू प्रथमच पाहत असल्यासारखी वाचली, तिच्यावर 'चर्चा करावी' असे लिहून आद्याक्षरी केली आणि कागद तिथेच सोडून आपल्या टेबलाशी परतले. तिथून त्यांनी शिपाई म्हणून एका मुलाला आत पाठवून तो कागद मागवला, वाचला, कपाळाला आठ्या घातल्या आणि मला म्हणाले, "वरून चर्चेसाठी बोलावले आहे. चला."

चर्चेत काय झाले ते लिहीत नाही. त्यांच्याशी वाद घालायला तोंड उघडावे लागत होते आणि ते उघडणे शक्य नव्हते.

एवढा वेळ विनोदाने लिहीत आले, पण खरे सांगायचे तर माझ्या रागाचा रोख भाऊसाहेबांवर फार थोडा आहे. ते मला ज्या कचेरीसाठी तयार करत आहेत, ती कचेरी मला घेणार आहे का, हे त्यांनाही सांगता येत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये शासनाने बाह्य संस्थांकडून कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला आणि ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो रद्द केला. पण निर्णय रद्द झाला म्हणून कंत्राट संपले असे नाही. माझी मावसबहीण एका कार्यालयात अकरा-अकरा महिन्यांच्या आदेशांवर डेटा एंट्री करते. कायम कर्मचाऱ्यांच्या टिपण्या तीच टंकित करते, समास तीच सोडते, पताका, म्हणजे फायलीतल्या खुणेच्या चिठ्ठ्या, तीच लावते. तिला रजेचा अर्ज कधी लिहावा लागत नाही, कारण तिला रजाच नाही. न गेलेल्या दिवसाचे पैसे कापले जातात. एवढी सुटसुटीत कार्यपद्धती भाऊसाहेबांच्या सहा गठ्ठ्यांत कुठेही सापडायची नाही. आणि आम्ही मात्र प्रमाणपत्रांची चळत रचत बसलो आहोत, प्रत्येक प्रमाणपत्राची फी वेगळी, परीक्षेची वेगळी आणि भरतीच्या अर्जाची त्याहून वेगळी. 2023 च्या तलाठी भरतीला खुल्या प्रवर्गातून अर्ज करायचेच 1000 रुपये पडले होते. हार्डवेअरच्या दुकानात एवढ्या पैशांत निदान हातात काहीतरी सामान मिळते.

असो. दाढेचे पुढे असे झाले की दंतवैद्यांनी संध्याकाळी शेवटी वेळ दिली, रूट कॅनाल करावे लागेल असे सांगून पहिली बैठक उरकली आणि एक चिठ्ठी लिहून दिली. ती मी दुसऱ्या दिवशी जोडली. चिठ्ठी इंग्रजीत असल्यामुळे भाऊसाहेबांनी मला 1964 च्या राजभाषा अधिनियमाची आठवण करून दिली आणि तिचा मराठी गोषवारा सोबत मागितला. गोषवारा दिला. त्यात बैठका अजून बाकी आहेत असे आल्यामुळे प्रकरण अंतिम होत नाही, असे ठरले, आणि माझी दाढ प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात गेली. ती तिथे आजही आहे. हजेरीपटावर त्या दिवसापुढे माझ्या नावासमोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे आणि हजेरी कमी भरल्यास परीक्षेचा अर्ज पुढे पाठवणार नाही, अशी सूचना संस्थेच्या फलकावर लागलेली आहे.

काल मात्र माझा संयम संपला. महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, 2005, हे नाव भाऊसाहेबच आम्हाला वेगाच्या सरावासाठी देतात. ते न चुकता टंकित होईपर्यंत मिनिट संपलेले असते. त्यामुळे ते मला तोंडपाठ आहे. मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, कलम 10. कोणतीही नस्ती कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक काळ कोणाकडेही प्रलंबित राहता कामा नये. माझ्या दाढेला सातहून अधिक दिवस झाले."

त्यांनी चष्मा काढला. इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी पाहिला नव्हता.

"कलम बिनचूक सांगितलेत, ताई. आता नीट वाचा. तिथे 'शासकीय कर्मचारी' असे शब्द आहेत. मी निवृत्त झालो आणि तुम्ही अजून लागलेल्या नाहीत. तो कायदा आपल्या दोघांपैकी कोणालाच लागू नाही."