पब्लिक की पिनिंग: एका तिखट प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ‘मोबाइल ॲपमध्ये सर्व्हरची पब्लिक की पिन करू नका’ हा माझा सल्ला आळशी माणसाचा आहे आणि 2011 चं डिजिनोटार प्रकरण मी सोयीस्करपणे विसरलोय. (नवख्यांसाठी: सर्टिफिकेट म्हणजे ‘ही साइट खरी’ असा दाखला, पब्लिक की म्हणजे त्यातली सर्व्हरची उघड ओळख, आणि ती पिन करणं म्हणजे ‘फक्त हीच की मान’ असं ॲपमध्येच लिहून ठेवणं.)

विसरलो नव्हतो, पण लेखात घेतलं नाही ही चूक कबूल. नेदरलँड्समधल्या त्या सर्टिफिकेट कंपनीत हल्लेखोर घुसले, गूगलच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट काढलं आणि ते इराणमधल्या लोकांवर वापरलं. बिंग फुटलं ते क्रोममध्ये गूगलच्या की आधीच पिन केलेल्या होत्या म्हणून. तुमच्या बाजूने आणखी एक उदाहरण मीच देतो, आपल्या घरचं. जुलै 2014 मध्ये आपल्या एनआयसीच्या (सरकारी नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या) सर्टिफिकेट यंत्रणेतून गूगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं. गूगलच्या साइटसाठी क्रोमने तीही पिनिंगमुळेच नाकारली असती.

पण दोन्हीकडे ब्राउझरही गूगलचा आणि सर्व्हरही गूगलचा, शिवाय ब्राउझर आपोआप अपडेट होणारा. आपल्यासारख्यांचं काय होतं ते ऐका.

एका जुन्या नोकरीत आमच्या ॲपमध्ये एकच पिन होता. 44 अक्षरांची ओळ, शेवटी बरोबरचं चिन्ह (=). ती टाकणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. एका रात्री सर्टबॉटने (सर्टिफिकेट आपोआप रिन्यू करणाऱ्या प्रोग्रामने) सर्टिफिकेट रिन्यू केलं आणि डिफॉल्टप्रमाणे नवी की बनवली. सकाळी ॲप सगळ्यांकडे ठप्प. ब्राउझरमध्ये मात्र साइट ठणठणीत, त्यामुळे पहिले दोन तास आम्ही मोबाइल नेटवर्कच्या नावाने खडे फोडले. वाचलो कसे? जुन्या सर्टिफिकेटची मुदत अजून महिनाभर बाकी होती आणि सर्टबॉट जुन्या की आर्काइव्ह फोल्डरमध्ये ठेवतो. जुनी जोडी परत लावली, सर्व्हर रीलोड केला, ॲप उठलं. तो फोल्डर कुणी ‘साफसफाई’ म्हणून उडवला असता तर प्रत्येक ग्राहकाने ॲप अपडेट करेपर्यंत वाट बघत बसावं लागलं असतं.

तेव्हा माझा सल्ला सुधारून लिहितो. दुसरी की आधीच बनवून, सर्व्हरपासून लांब ठेवून, तिचाही पिन पहिल्या दिवसापासून ॲपमध्ये टाकणार असाल तर जरूर पिन करा. आणि पिन कीचाच करा, सर्टिफिकेटचा नको: रिन्यूअलला की तीच ठेवता येते, सर्टिफिकेट मात्र बदलतंच. मार्च 2029 पासून सर्टिफिकेटची कमाल मुदत 47 दिवसांवर येतेय. दर रिन्यूअलला ॲपचं नवं व्हर्जन काढणार आहात का?

सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या लॉगना, म्हणजे निघालेल्या सर्टिफिकेटांच्या जाहीर नोंदवह्यांना, तुम्ही ‘चोरीनंतरचा पंचनामा’ म्हणालात. झकास, आणि खरंही आहे. सीएए रेकॉर्डचंही (आपल्या डोमेनचं सर्टिफिकेट कोणत्या कंपनीने काढावं हे सांगणाऱ्या नोंदीचंही) तेच: प्रामाणिक सीएची, म्हणजे सर्टिफिकेट कंपनीची, चूक त्याने टळते, घुसलेला चोर त्याला जुमानत नाही. तरी लॉगवर आपल्या डोमेनचा अलर्ट लावायला दहा मिनिटं लागतात, आणि त्याने कुणाचं ॲप बंद पडत नाही.

तुमच्या ॲपमध्ये दोन पिन आहेत, असं लिहिलंत. मग त्या दुसऱ्या पिनची प्रायव्हेट की (पब्लिक कीची गुप्त ठेवायची जोडीदार) एकदा खरंच उघडून बघा. त्या प्रकारानंतर आम्हीही बॅकअप की बनवली होती, पेन ड्राइव्हवर, पासवर्ड लावून, कपाटात. वर्षभराने काढली तर पासवर्ड कुणालाच आठवेना.