'पश्चातबुद्धी' म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी आरमाराच्या चुकांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "निकाल ठाऊक असताना शहाणपण सांगायला काय जातं? 1941 मध्ये हे कोणालाच दिसत नव्हतं. घरी बसून सेनापतींच्या चुका काढणं बंद करा."

मतभेद असू द्या, पण 'बंद करा' हे सांगायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? माझी सगळी नोकरी मर्चंट नेव्हीत गेली. एक टँकर वेळेवर पोचला नाही की मागे काय काय अडतं, हे मला पुस्तकात बघावं लागत नाही.

आता 'कोणालाच दिसत नव्हतं' याबद्दल. 1941 च्या उन्हाळ्यात तोक्योच्या सर्वंकष युद्ध संशोधन संस्थेत मुलकी खाती, लष्कर, आरमार आणि खासगी कंपन्यांतून निवडलेल्या तरुणांनी अमेरिकेशी होणारं युद्ध कागदावर लढून पाहिलं. आधी विजय, मग युद्ध लांबणार, शेवटी सोव्हिएत रशिया उतरणार आणि जपान हरणार, असा निष्कर्ष निघाला. ऑगस्टअखेर तो पंतप्रधान कोनोए आणि युद्धमंत्री तोजो यांच्यापुढे मांडला गेला. 1904-05 मध्ये रशियाशी लढतानाही जिंकू असं कुठे वाटलं होतं, युद्ध कागदाप्रमाणे होत नाही, असं तोजोंचं म्हणणं पडलं. दिसलं होतं, साहेब. ऐकून बाजूला सारलं गेलं.

जहाजांचंही तेच. युद्धाच्या सुरुवातीला जपानकडे साधारण 60 लाख टन व्यापारी जहाजं होती. त्यातली 30 लाख टन मुलकी मालासाठी हवीच होती. वर्षाला 8 ते 10 लाख टन बुडतील आणि 6 लाख टन नवी बांधू, असा त्यांचाच अंदाज. म्हणजे त्यांच्याच आकड्यांनी ताफा दरवर्षी आटत जाणार होता! तरी आरमाराचं सगळं लक्ष 1905 मध्ये रशियाचा ताफा बुडवला त्या त्सुशिमासारख्या एका निर्णायक लढाईवर. पाणबुड्या शत्रूच्या युद्धनौकांच्या शिकारीला, आणि मालवाहू जहाजांच्या रखवालीला मोजक्या जुन्या विनाशिका. रखवालीसाठी स्वतंत्र मुख्यालय उभं राहिलं ते नोव्हेंबर 1943 मध्ये.

अमेरिकी टॉर्पेडोंचा दोष लेखात आला नाही, ही तुमची तक्रार रास्त आहे. जपानी जहाजं बुडवायला अमेरिकी पाणबुड्या वापरत तो मार्क 14 टॉर्पेडो लावलेल्या खोलीपेक्षा सुमारे 10 फूट खालून जायचा. जहाजाच्या चुंबकत्वावर स्फोट घडवणारी त्याची कळ बेभरवशाची, आणि जहाजावर काटकोनात आदळला तर स्फोटाची पिनच चेपून जायची. जुलै 1943 मध्ये पॅसिफिकमधल्या त्रुक या जपानी तळाजवळ 'टिनोसा' या अमेरिकी पाणबुडीने 'तोनान मारू क्र. 3' हे तेल वाहणारं मोठं जहाज थांबवलं आणि बाजूने, काटकोनात एकामागून एक टॉर्पेडो सोडले. ते आदळत होते, फुटत नव्हते. कप्तानाने शेवटचा टॉर्पेडो तपासणीसाठी पर्ल हार्बरला परत नेला. त्या वर्षीच्या शरद ऋतूत दोष निघाले.

पण याने तुमची बाजू पडतेच. शत्रूचं हत्यार पावणेदोन वर्षं नादुरुस्त राहिलं, तेवढा वेळ जपानला फुकट मिळाला, आणि मालवाहू जहाजांचे रखवालीतले काफिले बांधायला त्याने तो वापरला नाही. 1944 मध्ये जपानची 30 लाख टनांहून बरीच जास्त व्यापारी जहाजं बुडाली. मार्च 1945 नंतर दक्षिणेकडून तेल येणं जवळजवळ थांबलं, सुमात्रातल्या पालेंबांगला तेलविहिरी ताब्यात असूनही.

तुमचे बाकीचे मुद्दे या लेखाचे नव्हेत, त्यात शिरत नाही. पुन्हा लिहाल तेव्हा आकडे घेऊन लिहा, आणि सूर जरा सांभाळा.