स्टॅगहॉर्नची तपकिरी पानं ओरबाडू नका

व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतोय: स्टॅगहॉर्न फर्न (झाडाला किंवा फळीला बांधून वाढवतात ते शिंगांसारख्या पानांचं फर्न) म्हणजे बांडगूळच, झाडाला बांधलं की झाड वाळतं, मागची तपकिरी पानं मेलेली, काढून टाका, पाणी रोज द्या, केळीची साल खोचली की खत नको. चारही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि तपकिरी पानांची तर रोपाच्या जिवावर उठणारी.

आंब्यावरचं बांडगूळ कापून पाहा, ते फांदीच्या लाकडात घुसलेलं दिसेल. स्टॅगहॉर्नची मुळं सालीला फक्त वरून धरतात. म्हणून तर ते सागाच्या सुक्या फळीवरही वर्षानुवर्षं वाढतं.

आता तपकिरी पानं. या फर्नला दोन तऱ्हेची पानं येतात. फाटे फुटलेली, शिंगांसारखी पानं बाहेर लोंबतात. गोल, ढालीसारखी पानं बुडाशी चिकटून राहतात. ढालपान हिरवं उगवतं, पुढे वाळून कागदासारखं होतं आणि तसंच राहतं. मुळं त्याच्याच आड असतात. त्याच्या थरांत ओल टिकते, पालापाचोळा कुजून खत होतो. ते ओढलं की मुळं तुटतात, कधी मधला कोंबही हाती येतो. मे महिन्यातल्या ४५ अंशांत उघडी पडलेली मुळं वाळायला वेळ लागत नाही. शिंगपानांच्या टोकाखालचा तपकिरी, मखमली थर म्हणजे बीजाणू, रोग नव्हे. पानांवरची पांढरी लवही पुसू नका, पानातली ओल तीच राखते.

पाणी वारावर नाही, हाताने ठरवा. मागचा काथ्या कोरडा आणि फळी हलकी लागली की फळीसकट बादलीत १० ते १५ मिनिटं बुडवा, निथळून टांगा. उन्हाळ्यात साधारण दोन-तीन दिवसांनी, हिवाळ्यात आठवड्याने. झडीत पाऊस लागत असेल तर मुळीच नको. सतत ओलं राहिलं की बुड काळं, मऊ पडतं आणि कोंब कुजला की रोप गेलंच. बोअरच्या क्षाराच्या पाण्यापेक्षा साठवलेलं पावसाचं पाणी बरं. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी घालू नका: पाणी उडून जातं, क्षार मागे साचतात.

केळीच्या सालीत पालाश आहे, नत्र नाममात्र. वर मुंग्या आणि चिलटं. त्यापेक्षा जुलै ते ऑक्टोबर या काळात, महिन्यातून एकदा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरला १ ग्रॅम. पिकावरच्या फवारणीचा डोस दिला तर पानांची टोकं जळतात.

टांगायला उत्तरेची ओसरी किंवा ७५ टक्के सावलीची शेडनेट, जिथे उन्हाळ्यातली झळ थेट लागणार नाही. बांधायला नायलॉनची दोरी घ्या; तांब्याची तार नको, तांबं फर्नला बाधतं. दोरी ढालपानांवरून न्या, मधल्या कोंबावरून नको.